तुसाची राख

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहा, असे संपादक मंडळाने कळविले. मी इतिहासाचा शिक्षक. पण लिहावीशी वाटते ती आठवण रसायनशास्त्राची आहे.

आमचे घर गोंदिया जिल्ह्यात एका राइस मिलच्या भिंतीला लागून होते. उकडलेले धान वाळत पसरविण्याच्या कामाला आई तेथे जाई. बॉयलरमध्ये तूस जळे आणि त्याची काळी राख आमच्या छपरावर, दोरीवरच्या कपड्यांवर, माठावर येऊन बसे. आई खोकत असे. त्या तुसाला काही मोल असेल, असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात कधी आले नाही.

गेल्या वर्षी आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी शाळेत आला. तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीवर संशोधन करतो. बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ज्या बाजूला जाऊन मुक्काम करतात ती ॲनोडची बाजू, असे त्याने मुलांना समजाविले. आज हा मुक्काम बहुतांशी ग्राफाइटच्या थरांत असतो. कार्बनचे सहा अणू मिळून एका लिथियमला जागा देतात. एका मोटारीला ५० किलो किंवा त्याहूनही अधिक ग्राफाइट लागू शकते. खाणीतले ग्राफाइट शुद्ध करायला जहाल आम्ले, तर कृत्रिम घडवायला सुमारे ३,००० अंश सेल्सिअसची भट्टी. चीनमधील हेइलोंगज्यांग प्रांतातल्या ग्राफाइट कारखान्यांजवळच्या गावकऱ्यांनी २०१६ मध्ये पत्रकारांना सांगितले होते की, चकाकती धूळ पिकांवर आणि घरांत बसते, पाणी पिववत नाही. मला आमचे छप्पर आठवले. गाडी रस्त्यावर धूर सोडत नाही म्हणून तिला स्वच्छ म्हणण्याची आपल्याला घाई होते. इतिहास शिकविणाऱ्याला मात्र एकाच्या स्वच्छतेसाठी घाण कोणाच्या दारात टाकली, हे आधी विचारावे लागते.

मग त्याने खिशातून एक पुडी काढली. आत तूस होते! भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषून तुसात साठविते. तूस आम्लाने धुऊन, जाळून, उरलेली सिलिका मॅग्नेशियमसोबत तापविली की सिलिकॉन मिळते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा सिलिकॉनचा ॲनोड करून दाखविला. वजनास वजन धरले तर सिलिकॉन ग्राफाइटच्या सुमारे दहापट लिथियम सामावून घेते. मात्र घेताना तिप्पट-चौपट फुगते आणि फुगून-आकसून फुटते. तुसातून आलेली सूक्ष्म सच्छिद्र रचना त्या फुगण्याला जागा देते. (प्रयोगशाळेत महागात पडणारी ही रचना बांधीतल्या चिखलात आपोआप होते, याचे मला अजून नवल वाटते.)

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील मिलमध्येच हमाल आहेत.

"दादा, तूस धुतलेलं आम्लाचं पाणी कुठं सोडतात?"

तो क्षणभर थांबला. "प्रयोगशाळेत आम्ही त्यातलं आम्ल मारूनच सोडतो. कारखान्याचं मात्र, त्याच्या भिंतीला कोणाची घरं लागून आहेत, त्यावर ठरतं." आणि त्याने तिचा प्रश्न, नावासह, आपल्या वहीत लिहून घेतला.

मार्चमध्ये पत्र आले, तिच्याच नावे. लिंबात असते त्या सायट्रिक आम्लाने तूस धुऊन पाहतो आहे, किती अशुद्धी निघतात ते कळवीन, असे त्यात होते. पत्र तिने विज्ञानाच्या वहीच्या कव्हरात जपून ठेवले आहे.