२४० वॉट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीला मौद्याला गेलो होतो, त्यामुळे दोन वीकेंड बुडाले. आणि तिथे जाऊन केलं काय, तर अडीच दिवस एका एसएमपीएससमोर मांडी घालून बसलो.

झालं असं की धाकट्याला ब्लेंडर शिकायचंय. त्यासाठी त्याने एका ऑफिसातून निघालेला जुना टॉवर घेतला, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. ऑगस्टमध्ये फोन आला, "दादा, कार्ड कोणतं घेऊ?" मी मीटिंगमध्ये. "आरटीएक्स ३०५० घे, वेगळी केबल लागत नाही" म्हणालो आणि ठेवून दिला. पोरगं ट्यूशन घेऊन जमवलेले पैसे घेऊन सीताबर्डीला गेलं.

आता गंमत बघा. ३०५० नावाची डेस्कटॉपची दोन कार्डं आहेत. २०२२ चं ८ जीबीवालं १३० वॉट खातं, २०२४ चं ६ जीबीवालं ७०. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात जास्तीत जास्त ७५. म्हणजे माझं वाक्य दुसऱ्या कार्डाबद्दल खरं होतं. त्याने पहिलं आणलं, मेमरी जास्त म्हणून. मी असतो तर मीही तेच आणलं असतं!

त्या कार्डाला लागणारी केबल ह्या सप्लायमध्ये नाहीच. म्हणून त्याने हार्ड डिस्कच्या साटा वायरला कन्व्हर्टर लावला. साटाच्या पिना १२ व्होल्टवर फार तर ५४ वॉट झेपवतात. हात लावला तर प्लग चांगलाच तापलेला.

"रेंडर लावला की बंद पडून राहिला दादा. मीच काही बिघडवलं काय?"

दोन महिने हे त्याने मला सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच.

मग वहीत बेरीज मांडली. सप्लाय २४० वॉट. प्रोसेसर ६५, बाकी सगळं मिळून ४० धरा. वर १३० म्हणजे २३५, श्वास घ्यायला जागा नाही. ७० असतील तर १७५. सप्लायच बदलावा म्हटलं, तर ह्या मशीनचा मदरबोर्डाकडचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नाही. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉटचं, पण ते चारच लेन वापरतं, जुन्या थ्री पॉइंट झिरो स्लॉटमध्ये मार खातं. शिवाय ब्लेंडरसाठी मला एनव्हिडियाच बरं वाटतं.

गच्चीवरून एनटीपीसीच्या चिमण्या दिसतात. ५०० चे दोन आणि ६६० चे दोन संच, एकूण २३२० मेगावॉट. असले शहाण्णव लाख सप्लाय चालतील त्यावर, आणि आम्ही खाली साठ वॉटसाठी भांडतोय. असो.

दुकानदाराने कार्ड पैसे कापूनच परत घेतलं, वापरलेलं होतं, साहजिक आहे. ६ जीबीवालं आणलं. खाली पडलेले पैसे मी घातले, तर साहेबांनी ते वहीत 'दादाचे उसने' म्हणून लिहून ठेवले. चूक माझी होती हे मी तीनदा सांगितलं. खोडलं नाही त्याने.

रात्री रेंडर लावला, सकाळपर्यंत मशीन चालू. त्याने करंजी केली होती. आई म्हणाली, मुरड नीट पडली नाही.