वाऱ्यातला वाटा

बावन्नाव्या वर्षी पाठीवर पिशवी टाकून एकटीच युरोपात निघाले, तेव्हा घरात कोण काय म्हणालं ते सांगत बसत नाही. सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "जाऊन ये. दशम्या बरोबर ने." ह्यांना दुकान सोडवत नव्हतं, मुलगी बाळंतपण उरकून सासरी गेली होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

व्हिएन्ना ते डेन्मार्क, अठरा दिवस, रेल्वेचा युरेल पास आणि सात किलोंची पिशवी. मैत्रिणींनो, तुम्हीही जाणार असाल तर पिशवी भरून घरचा जिना चार वेळा चढून पाहा. मी चौथ्या फेरीनंतर दोन साड्या आणि छोटी इस्त्री बाहेर काढली. वसतिगृहात सहाजणींची खोली असते आणि कपाटाला कुलूप आपलं आपण न्यायचं असतं. हे मला तिथं गेल्यावर कळलं. पहिली रात्र पासपोर्ट पोलक्यात ठेवून काढली!

आम्ही सातारकर. पाहुण्यांना ठोसेघरचा धबधबा दाखवला की पुढे चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या दाखवायच्या, हा आमचा नेम. त्या कुणाच्या, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

व्हिएन्नात स्पिटेलाऊ स्टेशनाबाहेर एक रंगीबेरंगी इमारत दिसली. धुराड्यावर चक्क सोनेरी गोळा. मला वाटलं नाटकगृह असेल, तर निघाला कचरा जाळण्याचा कारखाना! 1987 साली आगीत त्याचं मोठं नुकसान झालं, त्यानंतर हुंडर्टवासर या चित्रकाराने त्याला हे रूप दिलं. कचरा जळतो, त्यावर पाणी तापतं आणि जमिनीखालच्या नळांतून साठ हजारांहून अधिक घरांना ऊब पोचते. म्हणजे अर्ध्या गावाला मिळून एकच बंब. घरोघर धूर नाही, राख उपसणं नाही. आईने आयुष्यभर बंब पेटवला, तिची फार आठवण झाली.

तिथून रात्रीच्या गाडीने हॅम्बुर्ग (बायकांसाठी वेगळा कप्पा मिळतो, तिकीट काढतानाच मागून घ्यावा) आणि पुढे कोपनहेगन. मला जायचं होतं साम्सो बेटावर. त्यासाठी कालुंडबोर्ग बंदरातून बोट. मी भलत्याच फलाटावर उभी राहिले, गाडी गेली, मग बोटही गेली. धक्क्यावर बोचऱ्या वाऱ्यात दशम्या खात तीन तास काढले. तिथे थोडं रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

साम्सोची वस्ती जेमतेम पावणेचार हजार. 1997 साली डेन्मार्क सरकारने स्पर्धा लावली होती, की एखाद्या बेटाने दहा वर्षांत आपल्यापुरती ऊर्जा वारा, ऊन, काडीकचऱ्यातून कशी मिळवावी याची योजना द्या. साम्सो जिंकलं. 2000 साली जमिनीवर अकरा पवनचक्क्या आणि 2003 पर्यंत समुद्रात आणखी दहा उभ्या राहिल्या. घरांना ऊब द्यायला गव्हाच्या काडाचे भारे जाळतात, गरम पाणी नळाने घरोघर. सगळंच साधलं असं नाही. मोटारी तेलावरच चालत राहिल्या. त्याची भरपाई म्हणून समुद्रातली वीज बेटाबाहेर पाठवायची, असा हिशेब.

बेटावरचे बटाटे प्रसिद्ध. रस्त्याकडेला बटाट्यांच्या पिशव्या ठेवलेल्या, शेजारी पैशांचा डबा, विकणारं कुणीच नाही. मी सुट्टे मोजत होते तेवढ्यात आतून एक आजी आल्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतपतच, म्हणून छान जमलं. मी दूरच्या पवनचक्कीकडे बोट दाखवून विचारलं, आवाजाचा त्रास नाही होत? त्या हसल्या. म्हणाल्या, तीत माझा भाग आहे ना.

मग कळलं. जमिनीवरच्या अकरांपैकी नऊ शेतकऱ्यांनी स्वतः घेतल्या आणि दोन शेकडो लोकांनी भाग काढून मिळून घेतल्या. आपलं तान्हं रात्री रडलं तर झोपमोड वाटत नाही, शेजारचं रडलं की कूस बदलून आपण बोटं मोडतो. तसंच हे. माझ्या मते त्या पात्यांपेक्षाही ही युक्ती मोठी.

"म्हणजे यजमानांच्या नावाने ना?" मी सवयीने विचारलं.

"नाही. माझ्या. त्यांचा त्यांनी वेगळा घेतला."

बोटीत परतताना तेच डोक्यात.

घरी आले त्याच आठवड्यात वीजबिल आलं. ते अजून मामंजींच्या नावाने येतं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. गच्चीवर सौरपॅनेल बसवावं असं माझ्या मनात आलं. 2024 साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठरलं, पण आधी मीटर हयात माणसाच्या नावावर हवं. फॉर्म आणला. हे म्हणाले, "माझं नाव घाल." मी म्हटलं, "माझं का नको?" संध्याकाळभर तेच चाललं.

सासूबाई शेंगा सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "घर कुणाच्या नावावर आहे?"

घर त्यांच्याच नावावर आहे. मामंजी गेल्यावर झालेलं. आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"आण तो कागद," त्या म्हणाल्या, "आणि माझा चष्मा कुठाय तो बघ."