चालणारें झाड

साठी उलटलेल्या आणि उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत घालविलेल्या मास्तरानें दिवाणखान्यांत बसून पांच इंची बाहुल्याच्या अंगावर चिमट्यानें पानें चिकटवावीं, हें वाचून वडील मंडळी हंसतील. खुशाल हंसावें. मुलाकडे इंग्लंडांत जाईपर्यंत मीहि हंसलोंच असतों.

आम्ही उभयतां गेल्या भाद्रपदांत नॉटिंगहॅम येथें चिरंजीवांकडे सहा महिन्यांसाठीं गेलों. नातू बारा वर्षांचा. मराठी त्याला कळतें, पण बोलतांना तो असा चांचपडतो कीं ऐकणाराचा जीव कासावीस व्हावा. पहिले आठ दिवस आमचें संभाषण 'जेवलास का?' आणि 'हो' यापलीकडे गेलें नाहीं. मात्र त्याच्या टेबलावर एक पलटण मांडलेली होती, तिनें माझें लक्ष वेधिलें. गेम्स वर्कशॉप नांवाच्या कंपनीचें मुख्य ठाणें ह्याच गांवीं आहे. 1975 सालीं निघालेल्या ह्या कंपनीनें 1983 मध्यें 'वॉरहॅमर' हा खेळ काढिला. पट्टीनें अंतर मोजावयाचें, फांसे टाकावयाचे आणि टेबलावर सैन्यें लढवावयाचीं. माणसाची उंची सुमारें 28 मिलिमीटर. आपल्याकडे दिवाळींत किल्ल्यावर मावळे मांडतात, त्यांतलाच प्रकार. फरक इतकाच, कीं तिकडे पन्नाशीचे गृहस्थहि न लाजतां मांडतात.

नातवाच्या सैन्यांत एक चालणारें झाड हवें होतें, आणि तें विकत न घेतां स्वतः करावें असा त्याचा हट्ट होता. ह्या युद्धखोर वृक्षांचें मूळ ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांच्यापाशीं जातें. 1954 सालच्या 'द टू टॉवर्स' या ग्रंथांत त्यांनीं एंट नांवाचे वृक्षरक्षक रंगविले. एंट हा जुन्या इंग्रजींतला राक्षसवाचक शब्द. 'मॅक्बेथ' नाटकांत बर्नामचें अरण्य चालून येईल असें भाकीत आहे, आणि अखेर काय, तर शिपाई फांद्या हातीं धरून येतात! शाळकरी वयांत टॉल्किन यांना त्याचा फार संताप आला होता. पुढें त्यांनीं खरोखरचीं झाडेंच लढाईवर पाठविलीं.

हें सर्व मला नातवानें मोडक्या मराठींत, अडखळत, पण उत्साहानें सांगितलें. मग त्यानें विचारिलें, "आजोबा, संस्कृतांत झाडें चालतात का?"

मास्तरकी उसळून आली. मीं सांगितलें, "अरे, संस्कृतांत झाडाला अग म्हणतात, नग म्हणतात. जें जात नाहीं तें. चालणारें झाड म्हणजे वदतोव्याघात!" शिवाय पादप, म्हणजे पायांनीं पाणी पिणारा, हेंहि सांगून टाकिलें.

"मग पाय आहेत ना?" तो म्हणाला.

मी निरुत्तर झालों. रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या मला 'शाकुंतला'चा चौथा अंक आठवला. शकुंतला सासरीं निघते तेव्हां तपोवनांतील वृक्ष तिला रेशमी वस्त्र देतात, अळिता देतात, आणि वनदेवतांचे हात फांद्यांतून मनगटापर्यंत बाहेर येऊन अलंकार पुढें करितात. कालिदासानें झाडांना हात दिले आहेत. मीं पाय नाकारण्यांत काय अर्थ? सकाळीं उठून मीं नातवाला शरण गेलों.

बारीक तारा एकत्र पिळून खोड करावयाचें, खालीं त्या उकलून मुळें आणि वर उकलून फांद्या व बोटें. त्यावर निळा व पिवळा असे दोन पदार्थ मळून होणारा हिरवा लगदा थापावयाचा. हा तासा-दीड तासांत घट्ट होऊं लागतो, तेव्हां कणकेसारखा तिंबून ठेवण्याची सोय नाहीं. पाण्याच्या बोटानें गुळगुळीत करून सुईनें सालीच्या भेगा ओढाव्या. रंग देतांना प्रथम गडद थर, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें उंचवट्यांवर फिका हात. नातवानें खोड तपकिरी रंगविलें होतें. मीं त्याला खिडकीशीं नेऊन खरीं झाडें दाखविलीं. तपकिरी साल फार थोड्यांची, बहुतेकांची राखाडी. आपण पाहतों कमी आणि पाठ केलेलें जास्त लिहितों, हा दोष मीं परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आयुष्यभर पाहिला आहे.

खरी अडचण पानांची. 28 मिलिमीटरच्या माणसाच्या हिशेबानें दोन इंची पान सुमारें दहा फुटांचें होईल! त्यावर तिकडील कारागिरांचा तोडगा बर्च झाडाचा. त्याच्या लोंबत्या फळांचे तुरे हातांत चुरडले कीं दोन वस्तू निघतात: फुलपांखरासारखें पंख असलेलें चिमुकलें बीं, आणि तीन टोकांचें खवलें. हें खवलें हुबेहूब पानासारखें दिसतें. दोहोंना वेगळें करण्यासाठीं चाळण लागते, आणि घरांत चाळण एकच होती. "ही माझी रव्याची चाळण आहे!" असें आमच्या कुटुंबानें बजावून सांगितलें. दुसरे दिवशीं उपम्यांत एक पान निघालें, त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

हा बर्च म्हणजे आपल्या भूर्जाचाच जातभाई. दोन्ही शब्दहि एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत. हिमालयांतील भूर्जाच्या सालीवर आपले पूर्वज ग्रंथ लिहीत. बख्शाली येथें 1881 सालीं सांपडलेली गणिताची भूर्जपत्रांवरील पोथी आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. हें मीं नातवाला सांगितलें, तेव्हां त्यानें चिमट्यांतलें खवलें दिव्याशीं धरून पुष्कळ वेळ पाहिलें.

माझा पहिला प्रयत्न फसला. सगळीकडे सारखीं पानें लाविलीं. "फुलकोबी!" नातू म्हणाला, आणि हा शब्द त्यानें एकदाहि न अडखळतां उच्चारला. मग आम्ही शेरवुडच्या अरण्यांत जाऊन तेथील प्रसिद्ध मेजर ओक पाहिला. शेकडों वर्षांचा वृक्ष, फांद्यांना खालून टेकू दिलेले. त्याच्यासमोर उभें राहिल्यावर ध्यानांत आलें कीं पानें झुबक्यांनीं येतात, उजेडाकडे सरकतात, आणि मधून आकाश दिसावें इतकी जागा सोडतात. घरीं येऊन सर्व उपटलें. पानें तीन-चार हिरव्या छटांत बुडवून वाळविलीं, कांहीं मुद्दाम पिवळीं ठेविलीं, थोडीं मुळांशीं सांडलीं.

चिरंजीव संध्याकाळीं कामावरून येत, टेबलाकडे दृष्टि टाकीत आणि कांहीं न बोलतां वर जात. कारण मला ठाऊक होतें. नववींत असतांना त्यांनीं शाडूचे चाळीस-एक मावळे केले होते, प्रत्येकाचा चेहरा निराळा. दिवाळी सरली तरी तें काम चालूच. सहामाहीचे गुण कमी आले, आणि मीं ते सर्व मावळे परसांतील आडांत टाकिले. पोरगा रडला नाहीं, बोलला नाहीं. पुढें गुण उत्तम आले, आणि मीं कित्येक वर्षें ह्या गोष्टीचा शहाणपणा म्हणून उल्लेख करीत असें.

कार्तिकांतली एक संध्याकाळ. बाहेर धुकें होतें, चिरंजीव स्वयंपाकघरांत चहा करीत होते. नातवानें विचारिलें, "आजोबा, बाबांनीं कधीं असें केलें होतें?"

"कधीं नाहीं" म्हणणें सोपें होतें. जिभेवर आलेंहि. पण मीं म्हटलें, "केलें होतें. फार सुरेख. मीं तें टाकून दिलें. माझी चूक झाली."

आंत कपबशीचा आवाज थांबला. चहा आला, आम्ही तो प्यालों, कोणी त्यावर बोललें नाहीं.

झाडाचा उजवा हात अजून उघडा होता आणि पानें संपलीं होतीं. दुसरे दिवशीं चिरंजीव जरा उशिरा आले. ओव्हरकोट खुंटीला अडकवून त्यांनीं खिशांतून रुमालाची पुरचुंडी काढिली आणि टेबलावर सोडली. बर्चचे तुरे होते, ओलसर, मूठभर.

"अण्णा, ऑफिसच्या वाटेवर एक झाड आहे," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसत आईला हांक मारून विचारूं लागले, "आई, चाळण कोठें ठेवलीस?"