शेजारच्या कार्बनवर

सेंद्रिय रसायनात मला सर्वांत लोभ आहे तो पुनर्रचनेच्या अभिक्रियांचा. रेणूत बाहेरून काही घालायचं नाही, त्यातून काही काढायचं नाही. आहेत त्याच अणूंनी जागा बदलायच्या. विद्यार्थ्यांच्या हातात मी पहिली देते ती बेकर–वेंकटरामन. १९३३-३४मध्ये इंग्लंडात विल्सन बेकर आणि लाहोरात के. वेंकटरामन यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. वेंकटरामन पुढे मुंबईत आले आणि १९५७मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

बेंझीनच्या कड्यावर अ‍ॅसिटिल गट, आणि लगतच्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला जोडलेला बेंझॉइल. अल्कली अ‍ॅसिटिलच्या मेथिलमधला एक प्रोटॉन उचलते. ऋणभारित झालेला तो कार्बन शेजारच्या एस्टरवर चालून जातो, क्षणभर सहा अणूंचं कडं जुळतं, आणि बेंझॉइल ऑक्सिजनला सोडून कार्बनवर येतो. हेच गट पॅरा जागी असते तर एकमेकांपर्यंत पोचलेच नसते. म्हणून माझ्या मते पुनर्रचनेची निम्मी करामत आधीच्या रचनेत असते: कोणाला कोणाशेजारी बसवलं, यात.

उरलेली निम्मी हातात. केओएचच्या गोळ्या तापवलेल्या खलात भराभर कुटायच्या. मुंबईच्या जुलैत त्या बघता बघता ओल्या होतात, आणि पाणी शिरलं की एस्टर फुटतो, बेंझॉइक आम्ल हाती येतं. एस्टर पिरिडीनमध्ये विरघळवून पन्नास अंशांपर्यंत कोमट करायचा आणि ती पूड टाकायची. पंधराएक मिनिटांत पोटॅशियमचा पिवळा क्षार इतका दाट साचतो की ढवळणी अडते. मग सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल घालून फिकट पिवळं डायकीटोन गाळून घ्यायचं.

रेणुभार आधीही २४०, नंतरही २४०. नुसत्या वजनावरून काही कळत नाही. वितळणबिंदू मात्र ८८ अंशांच्या आसपास होता तो १२०च्या जवळ जातो. एनएमआरमध्ये २.५ पीपीएमजवळचा मेथिलचा ठसठशीत सिग्नल गायब होतो, आणि पार डावीकडे, १५.५च्या आसपास, इनॉलचा प्रोटॉन उगवतो. इतक्या लांबचा प्रोटॉन पहिल्यांदा पाहणारे विद्यार्थी यंत्रच बिघडलं म्हणतात.

आजचे रसायनशास्त्रज्ञ कड्यातला कार्बन काढून तिथे नायट्रोजन बसवू लागले आहेत. ते काम शिकायला येणाऱ्यांकडूनही मी आधी हीच अभिक्रिया करून घेते, थेट फ्लेव्होनपर्यंत. अ‍ॅसेटिक आम्लात थोडं सल्फ्युरिक घालून तापवलं की पाण्याचा एक रेणू निघतो आणि तिसरं कडं मिटतं. कांद्याच्या सालीतलं क्वेर्सेटिन याच सांगाड्यावर उभं आहे.