कणकुंबीचं पाणी

एप्रिलमध्ये हुबळीला मावशीकडे मुक्कामाला होतो. पहाटे साडेतीनला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. आठव्या दिवशी नळ आला होता. पिंप, बादल्या, कळशा, शेवटी कुकरसुद्धा भरला. मावशीच्या मनगटाला पट्टी होती, मागच्या खेपेला कळशी उचलताना लचक भरलेली. "झोप रे तू, तुमच्याकडं पाणी आहे," ती म्हणाली. हुबळीसाठी म्हादई नदीला हात लावू नका, हे मी बेळगावात बसून वर्षानुवर्षं बोलत आलोय. त्या पहाटे ते मावशीसमोर बोलवेना. म्हणून नदीच पाहायला निघालो.

बेळगावहून चोर्ल्याच्या वाटेची गाडी धरली. कुसमळीला मलप्रभेचा पूल लागला, मग जांबोटी, मग दाट रान. कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेची वाट धरते. सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या धरणात ती अडते, पुढं कुडलसंगमला कृष्णेत मिसळते. हुबळी-धारवाडची तहान याच धरणावर. आणि त्याच कणकुंबीच्या शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरतो, गोव्यात म्हादईला मिळतो. इथला पाऊस एका उतारावर पडला तर बंगालच्या उपसागराला जातो, दुसऱ्या उतारावर पडला तर अरबी समुद्राला. या दोन उतारांच्या मधोमध कालवा खोदलेला आहे. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी.

नाल्यात उतरलो. उन्हानं खडक तापले होते, पण जांभळीच्या सावलीत गुडघाभर डोह शिल्लक होता. तळाची वाळू दिसत होती, बोटाएवढे मासे काठाकाठानं फिरत होते. खडकाच्या फटीतून पाण्याची करंगळीएवढी धार डोहात पडत होती. काठावर म्हशी घेऊन आलेले एक आजोबा बसले होते. "पावसात इथं उभं राहवत नाही," ते म्हणाले, "पण उन्हाळ्यात एवढंच. हेच खालच्यांचं, हेच जनावरांचं."

म्हादईच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादानं 2018 साली निवाडा दिला. म्हादई खोऱ्यात 188.06 टीएमसी पाणी धरलं आणि त्यातलं कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेत वळवायला 3.9 टीएमसी दिलं. कागदावर हा वाटा किरकोळ वाटतो. पण 188 मधलं बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत समुद्राला जातं, आणि 3.9 काढायचं ते नदीच्या माथ्यावरून. त्या करंगळीएवढ्या धारेपुढं बसल्यावर मला टक्केवारीचा हिशेब पटेना.

चोर्ला घाट उतरताना खाली अंजुणे धरणाचं पाणी चमकलं. केरीहून वाळपई गाठली. इथल्या नळाला दाबोसच्या प्रकल्पाचं पाणी येतं, म्हणजे म्हादईचंच. नदीकाठच्या कुळागरात पोफळी गच्च उभ्या होत्या, पाटाचं पाणी बुंध्याबुंध्याशी फिरत होतं. मालकीणबाईंनी सोलकढी दिली आणि विचारलं, "वरती नाल्यात कितकें उदक आसा?" मी हातानं गुडघा दाखवला. त्या काहीच बोलल्या नाहीत. खाली पणजीपर्यंत हीच नदी मांडवी होते. उन्हाळ्यात वरून गोडं पाणी घटलं की भरतीचं खारं पाणी आत आत चढत जातं.

मावशीला पाणी मिळालंच पाहिजे, यात मला तिळभर शंका नाही. 2015 पासून नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी याच पाण्यासाठी रस्त्यावर बसले, तेही उगाच नव्हे. पण माथ्यावरचा नाला वळवण्याआधी मलप्रभेच्या खोऱ्यात ऊस किती पाणी पितो आणि शहरातल्या जुन्या नळवाहिन्यांतून किती गळतं, हे दोन प्रश्न सोडवायला हवेत. ते अशक्य नाही. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीच्या काही वॉर्डांत 2008 साली नळवाहिन्या बदलल्या, मीटर बसवले, आणि चोवीस तास पाणी सुरू झालं. त्यासाठी नवी नदी आणावी लागली नव्हती.

मावशीची गल्ली त्या वॉर्डांत नाही.