आधी गाडीचं नाक मोजा!

सध्या मी भेटेल त्याला कंडेन्सरबद्दल सांगत सुटलोय. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं, परवा गळ्याशी वस्तरा असताना न्हाव्यालाही सांगितलं. लोक सौजन्याने मान हलवतात आणि हळूच विषय बदलतात. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू.

निमित्त आमची अँबॅसडर. पांढरी, पेट्रोलवरची, १८०० आयएसझेड. ही जात आधी समजून घ्या, सगळी गंमत तिथेच आहे. अँबॅसडरचा साचा १९५६च्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीचा. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून तो २०१४पर्यंत फारसा न बदलता बाहेर पडत राहिला. त्यातलं बरीच वर्षं चाललेलं इंजिन १४८९ सीसीचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं. मग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान मोटर्सने त्याच साच्यात जपानच्या इसुझूचं १८१७ सीसी इंजिन बसवलं. ओव्हरहेड कॅम, सुमारे ७५ हॉर्सपॉवर, पाच गिअर! अंगरखा पणजोबांचा, काळीज नातवाचं. कंपनीचा एसी असलेल्या आयएसझेडही रस्त्यावर होत्या. आमची मात्र खिडक्या उघडून चालणारी. आणि आम्ही राहतो नागपुरात. मे महिन्यात इथला पारा ४५ ओलांडतो, तेव्हा उघड्या खिडकीतून जे आत येतं त्याला वारा म्हणत नाहीत.

इंजिनात दम आहे, मग बाहेरून एसी बसवायला कितीसा वेळ लागणार? मी एसीच्या मिस्त्रीकडे गेलो आणि पहिलाच प्रश्न टाकला, कॉम्प्रेसर कोणता चांगला? त्याने खिशातून टेप काढला. म्हणाला, “काहून जी, कॉम्प्रेसरचं मंग पाहू. आधी गाडीचं नाक मोजू द्या.” आणि बोनेट उघडून रेडिएटरपुढची जागा मोजायला लागला. लांबी, रुंदी, जाळीपासूनचं अंतर. तिथून जे सुरू झालं त्याने माझी झोप उडवली हो, आनंदाने!

पहिला धक्का आकड्याचा. मोटारीला साधारण साडेचार किलोवॉटचा गारवा लागतो. म्हणजे सव्वा ते दीड टनाचा एसी. आमच्या झोपायच्या खोलीत तेवढाच आहे! एसीतला एक टन म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळवेल एवढी उष्णता. हिशेब केला तर आमच्या गाडीच्या एसीने दिवसभर काम केलं तर बाराशे किलोच्या आसपास बर्फाची बरोबरी होते. गाडी एवढीशी, मग इतकं कशाला? कारण खोलीला विटांच्या भिंती असतात. गाडीला वर तापलेला पत्रा, चहूबाजूंनी काचा, पुढे फायरवॉलपलीकडे धगधगतं इंजिन आणि पायाखाली सायलेन्सरचा पाइप.

दुसरा धक्का त्याहून मोठा. ही साडेचार किलोवॉट उष्णता कुठे नाहीशी होत नाही, ती बाहेर नेऊन टाकावी लागते. वर कॉम्प्रेसरने लावलेल्या जोराची उष्णताही तिच्यात मिसळते. म्हणजे सहा-साडेसहा किलोवॉट. आणि टाकायची कुठे? ४५ अंशांच्या हवेत! उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, त्यामुळे रेडिएटरपुढे बसून ती बाहेर फेकणाऱ्या कंडेन्सरमधला गॅस हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो, ६० अंशांच्या वर. आर-१३४ए गॅस ६० अंशांना द्रवरूप व्हायचा तर २३० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. हाच गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. एकाच बंद नळीत एका टोकाला तो अंग भाजेल इतका तापलेला, दुसऱ्या टोकाला जेमतेम तीस पीएसआयला उकळून कॉइल गारेगार करणारा. आणि मी इतकी वर्षं नुसतं बटण दाबत होतो!

हे मला पटवायला मिस्त्रीने एक प्रयोग केला. दुरुस्तीला आलेली एक टॅक्सी उभ्या-उभ्या चालू होती आणि आत कोमट हवा येत होती. त्याने प्रेशर गेज लावलं आणि पाण्याची बाटली घेऊन जाळीतून कंडेन्सरवर ओतली. मोठ्या दाबाचा काटा सरसर खाली आला आणि बघता बघता आतली हवा गार लागायला लागली. “पाहा, गॅस बरोबर हाय, कॉम्प्रेसर बरोबर हाय. याले हवा नाही भेटून राहिली.” मी अक्षरशः टाळी वाजवली.

म्हणून निवड नाकापासून सुरू होते. अँबॅसडरचं नाक गोलमटोल, जाळी आडवी, रेडिएटर आत उभा. आम्ही मावेल तेवढा मोठा पॅरलल फ्लो कंडेन्सर घेतला. जुन्या सर्पेंटाइन प्रकारात एकच नळी नागमोडी फिरते. पॅरलल फ्लोमध्ये बारीक भोकांच्या अनेक चपट्या नळ्या शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता फेकतो. त्यावर वेगळा इलेक्ट्रिक पंखा. कारण सिग्नलला गाडी थांबली की इंजिनाचा स्वतःचा पंखा मंदावतो आणि नेमकी तेव्हाच हवा हवी असते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या कडा फोमच्या पट्टीने बंद केल्या. नाहीतर रेडिएटरमागची तापलेली हवा बगलेतून फिरून पुन्हा पुढे येते. एवढीशी पट्टी, स्वस्तातली, आणि केवढं तिचं काम!

नाक ठरलं, मग गाडीच्या आतलं. डॅशबोर्डखाली लटकणारं युनिट घ्यायचं की डॅशच्या मागे लपणारं? लपणारं दिसायला सुरेख, पण त्याच्यासाठी डॅश कापावा लागला असता आणि त्या पत्र्याला हात लावायला माझं मन होईना. लटकणारं घेतलं. मात्र त्यातली कूलिंग कॉइल छोट्या गाडीची नको, हे मिस्त्रीने बजावून सांगितलं. मागच्या सीटवर तिघं ऐसपैस बसतात, त्यांच्यापर्यंत हवा पोचली पाहिजे. बाहेरची ४५ अंशांची हवा आत घेत राहण्यापेक्षा आतलीच थंड झालेली हवा फिरवायची, हेही ठरलं.

आणि इथे भूगोल आला! मुंबईच्या पाहुण्यांना मी हे सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. आमच्याकडे मे महिन्यातली हवा कोरडी, म्हणून तर इथे कूलर चालतात. कॉइलला फक्त हवा गार करायची असते. मुंबईच्या दमट हवेत कॉइलचा बराच जोर बाष्पाचं पाणी करण्यातच खर्च होतो. तासाला दोन लिटर पाणी ठिबकलं तर सव्वा किलोवॉटहून जास्त गारवा त्या पाण्यापायी गेला समजा. म्हणून तिकडे कॉइल मोठी हवी आणि पाण्याच्या नळीला नीट उतार हवा. आमच्याकडे सगळी कसोटी कंडेन्सरची.

आता कुठे कॉम्प्रेसरची पाळी आली. तोही सोपा निघाला. सँडेनचा ५०८ हा जुना, भरवशाचा नमुना. पाच सिलिंडर, एका फेऱ्यात १३८ घनसेंटीमीटर. तो तीन ते पाच हॉर्सपॉवर खातो. पन्नासातून पाच गेले तर चढावर इंजिन रडतं, पंचाहत्तरातून गेले तर जाणवतं, पण चालतं. नातवाचं काळीज कामी आलं ते इथे! ब्रॅकेट जाड पट्टीचं आणि पुली इंजिनाच्या पुलीच्या अगदी रेषेत. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी बेल्ट किंचाळतो. उभ्या गाडीत कॉम्प्रेसरचा क्लच लागला की इंजिन बसू नये म्हणून व्हॅक्यूमवर चालणारा आयडल-अप बसवला. इंजेक्शनचं इंजिन असेल तर त्याच्या कंप्युटरला एसी चालू झाल्याची खबर देणारी तार जोडावी लागते, मग तो स्वतःच इंजिनाचा वेग सांभाळतो.

मधेच मला विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा मोह झाला. बेल्ट नको, ब्रॅकेट नको! पण हिशेब मांडला. दोन किलोवॉट वीज १२ व्होल्टवर म्हणजे दीडशे अँपिअरच्या वर. एवढा अल्टरनेटर या गाडीत कुठून आणणार? नुसता ब्लोअर, पंखा आणि क्लच मिळूनच पंचवीस-तीस अँपिअर होतात. त्यांच्यासाठीसुद्धा जाड तारा, रिले आणि वेगळे फ्यूज घालून घेतले. पणजोबांच्या अंगरख्यातल्या जुन्या वायरिंगवर तो भार टाकायचा नाही.

कबाडी बाजारात जुन्या गाड्यांचे पूर्ण एसी स्वस्तात मिळतात, पण त्यातले कितीतरी आर-१२ गॅसच्या काळातले. तो गॅस ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर जगभरातून हद्दपार होत गेला. आर-१३४एचे रेणू लहान, जुन्या रबरी पाइपातून ते झिरपून जातात. त्यामुळे आत नायलॉनचा थर असलेला बॅरियर पाइप लागतो. तेलही वेगळं, पॅग. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही. गॅसमधला ओलावा टिपणारा ड्रायरही नवाकोरा हवा. आणि गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप निवांत चालू द्यायचा, म्हणजे आतलं पाणी उकळून निघून जातं. घाई करणारा मिस्त्री दिसला की तिथून निघायचं.

शेवटी बारीकसारीक भोकं. फायरवॉलमधून तारा जातात तिथे, पेडलच्या दांड्यांभोवती, गिअरच्या बुटाखाली, दारांच्या रबरांत. एकेक रबर बदललं, छताच्या कापडाखाली आणि फ्लोअरवर इन्सुलेशनची चादर टाकली. या कामाचं बिल सगळ्यात कमी आणि परिणाम असा की ब्लोअर एक घर खाली आणावा लागला!

तेव्हा जुन्या गाडीत एसी बसवणाऱ्या तमाम मंडळींनो, उलट्या क्रमाने खरेदी करा. आधी भोकं बुजवा, मग नाक, मग कॉइल, मग वायरिंग आणि सगळ्यांत शेवटी कॉम्प्रेसर. इंजिन नवं असेल तर तुमची सर्वांत सोपी अडचण आधीच सुटलेली आहे. माझं म्हणणं खोटं वाटत असेल तर या रविवारी, भर दुपारी दोनला, आम्ही मुद्दाम चंद्रपूरला निघालोय. मागे अजून दोन जागा रिकाम्या आहेत. कोण येतंय?