छागल

बीडच्या आमच्या वाड्यात ओसरीच्या दोन खुंट्यांवर नानांच्या दोन वस्तू टांगलेल्या असत : एकीवर अदालतीत घालायचा काळा कोट आणि दुसरीवर छागल, आणि पक्षकार आला असता त्यांचा हात आधी कोणत्या खुंटीकडे जातो, यावरून कज्जा कागदाचा आहे की मातीचा, हे आईला स्वयंपाकघरातूनच कळत असे. कागदाचा असला, तर ती चहाचे आधण ठेवी. मातीचा असला, तर भाकरी बांधायला घेई.

छाग म्हणजे बोकड. पूर्वी त्याच्या कातड्याची पाणपिशवी करीत म्हणून हे नाव; आमची छागल जाड कॅनव्हासची होती आणि तिच्याकडे नाव तेवढे वारशाने आले होते. तिच्या अंगातून पाणी सतत पाझरे, वाऱ्याने ते उडून जाई आणि आतले गार होई. कोरड्या छागलीत पाणी ठरत नाही, म्हणून आदल्या रात्री ती भिजत घालण्याचे काम माझ्याकडे असे.

नाना उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून कायदा शिकले होते, कारण निजामाच्या राज्यात अदालतीचा सारा व्यवहारच उर्दूत चाले. मिसल वाचण्यात ते कोणाला हार जाणारे नव्हते; तरी बांधाचा, वहिवाटीच्या वाटेचा किंवा विहिरीतल्या पाण्याच्या पाळीचा दावा असला, म्हणजे जागा डोळ्यांनी पाहिल्यावाचून ते वकालतनामा स्वीकारत नसत. चतुःसीमा कागदावर वाचून निकाल मागणे म्हणजे कुंडली पाहून माणसाला औषध देणे, असे ते म्हणत. खरे सांगायचे, तर हे निमित्त होते. बालाघाटाचा माळ पायांखाली आल्याशिवाय त्यांना आठवडा सरल्यासारखा वाटत नसे, आणि पुष्कळदा दावा पाटोद्याकडचा आणि परतीची वाट मात्र कपिलधारच्या धबधब्यावरून, असा काही तरी अजब नकाशा ते काढीत. फीच्या हिशेबाने या फेऱ्या निखालस नुकसानीच्या होत्या. आईने हे त्यांना अनेकदा सुनावले आणि त्यांनी ते प्रत्येक वेळी कबूल केले.

मी पाच वर्षांची झाल्यापासून ते मला बरोबर नेऊ लागले. मुलीला असे रानोमाळ हिंडवणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. सीताफळाने डोळा उघडला, म्हणजे त्याच्या खवल्यांमधल्या रेघा रुंदावून पांढुरक्या झाल्या, की ते उतरवावे. पळसाच्या तीन पानांपैकी मधले मोठे. ही विद्या मला बाराखडीच्या आधी आली. एकदा उघड्या माळावर टिटवी डोक्यावर आक्रंदत घिरट्या घालू लागली, तेव्हा नानांनी मोजणीदाराची साखळी थांबवली, खड्यांत खड्यांसारखीच पडलेली तिची चार अंडी मला दाखवली आणि म्हणाले, "माय, हिच्याकडे सनद नाही, पण वहिवाट आहे." साखळी वळसा घालून गेली. मोजणीदार चिडला, आणि त्याचेही बरोबरच होते.

१९४८ साली रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ, विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने, हैदराबाद संस्थानातील वकिलांनी अदालतींवर बहिष्कार घातला. नानांचा काळा कोट खुंटीवरच राहिला. वैशाखात एका रात्री आम्ही बीड सोडले. नगर जिल्ह्यातले जामखेड हिंदी संघराज्यात होते आणि सौताड्याच्या बाजूने सरहद्द ओलांडली की माणूस सुरक्षित, अशी तेव्हाची समजूत होती. आईच्या कडेवर धाकटा भाऊ, नानांच्या खांद्यावर मी आणि माझ्या गळ्यात छागल. पहाटे विंचरणा नदीच्या त्या खोल दरीच्या काठावर आम्ही टेकलो असता मी चोरून पाणी प्यायला गेले, लाकडी बूच हातून निसटून दरीत गेले आणि घाबरून मी छागलच खाली टाकली. होते नव्हते ते पाणी खडकाने पिऊन टाकले.

आईचा हात उठला होता. नाना मध्ये उभे राहिले आणि अदालतीतल्या स्वरात म्हणाले, "आरोपीला गुन्हा कबूल आहे, हेतू शाबीत होत नाही." त्या भयंकर रात्रीनंतर आई प्रथमच हसली. मग ते दरीत उतरले. धबधबा केव्हाच आटला होता. तळाच्या डोहातून छागल भरून, तिचे तोंड धोतराच्या सोग्याने आवळून ते वर आले, तेव्हा ऊन चढले होते आणि त्यांचे दोन्ही गुडघे फुटले होते. पहिला घोट त्यांनी आरोपीला दिला.

सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, आम्ही परतलो. पुढे उर्दू गेली, नवे कूळ कायदे आले, चाळिशीत नाना मराठीतून कैफियती लिहायला शिकले. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे विशेष काही नाही. दावे चालले, छागल चालली, माझे लग्न झाले.

१९७२ च्या दुष्काळात मी माहेरी आले होते. बिंदुसरेच्या पात्रात धूळ उडत होती. जनावरे कवडीमोलाने जात होती. माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि घराघरांत तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या जात होत्या. नाना तेव्हा पासष्टीला टेकले होते. निजामशाहीतल्या सलाबतखानाने बांधवलेली शहराबाहेरची खजाना विहीर कितीही अवर्षण पडले तरी आटत नाही, अशी ख्याती. नाना दर चार दिवसांनी छागल घेऊन, काठी टेकत, ती पाहायला जात. परत आले, की ओसरीवर बसलेल्या शेजाऱ्यांना सांगत, "खाली गेलंय, पण आहे." त्यांच्याकडून लोक दुसरी कोणतीच बातमी विचारीत नसत.

त्यानंतर दोन वर्षांनी नाना गेले. काळा कोट भावाने एका होतकरू वकिलाला दिला. छागल मी मागून घेतली. तिचे कापड आता विरले आहे, भिजवले तरी पाणी धरत नाही. तोंडाशी बाभळीचे बूच आहे. जामखेडच्या धर्मशाळेत बसून नानांनी ते चाकूने कोरले होते. मूळचे सौताड्याच्या दरीत आहे.